फुटबॉल अकादमी नेमके काय घडवते?

भातकापणी आटोपली की बांदा-सावंतवाडी परिसरातले कुणगे, म्हणजे भातखाचरे, मोकळी होतात, आणि त्यांपैकी एखादा सपाट कुणगा पुढचे काही महिने आमच्या गावच्या मुलांचे फुटबॉलचे मैदान होतो. पहिले पंधरा दिवस भाताची धसकटे पायाला टोचतात, म्हणून मुले संध्याकाळी ती कोयत्याने कापून काढतात आणि जांभ्याचे चार चिरे मांडून गोल तयार करतात. शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून काम करताना या मैदानावर माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि अलीकडे तिथे येणाऱ्या पालकांचा एकच प्रश्न असतो: “बाई, झिलाक गोव्याच्या अकादमीत घातलंय तर तो प्लेअर होतलो मा?” गोव्याची हद्द जवळ, तिथल्या क्लबांची नावे मुलांना तोंडपाठ, आणि फोनवर दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या निवड चाचणीची जाहिरात येत असते. मुलाला अकादमीत घातले तर तो खेळाडू होईल ना, असा हा सरळ प्रश्न आहे. पण त्याचे प्रामाणिक उत्तर द्यायचे, तर अकादमी म्हणजे काय, तिथे मुलाकडून काय करून घेतात, त्यावर पैसे कोण आणि कशासाठी खर्च करतो, आणि तिथे गेलेल्या बहुतेक मुलांचे पुढे काय होते, हे सगळे सांगावे लागते.

आपल्याकडे अकादमी हा शब्द निदान तीन वेगवेगळ्या गोष्टींना लावला जातो. महिन्याची फी घेऊन आठवड्यातून तीन-चार दिवस शिकवणारा वर्ग ही पहिली. त्यात गैर काही नाही, चित्रकलेचा किंवा तबल्याचा वर्ग असतो तसाच तो असतो, आणि शिकवणारा चांगला असेल तर मुलाचा फायदाच होतो. दुसरी म्हणजे एखाद्या व्यावसायिक क्लबची स्वतःची अकादमी, जिथे वेगवेगळ्या वयोगटांचे संघ असतात आणि सगळ्यात वरच्या टोकाला त्या क्लबचा मुख्य संघ असतो. तिसरी म्हणजे एखाद्या उद्योगसमूहाने किंवा संस्थेने चालवलेली निवासी अकादमी. जमशेदपूरची १९८७ साली सुरू झालेली टाटा फुटबॉल अकादमी, गोव्यातली १९९९ सालची सेसा फुटबॉल अकादमी किंवा २०१५ पासून नवी मुंबईत चालणारी रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स ही या प्रकारची ठळक उदाहरणे. पालकांनी सर्वांत आधी विचारायचा प्रश्न असा, की पैसा कुणाकडून कुणाकडे जातो. वर्ग मुलाकडून पैसे घेतो, तर खरी विकास-अकादमी मुलावर पैसे खर्च करते. त्या मुलाच्या भवितव्यात तिचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला असतो, आणि या व्यवहारात तो स्वार्थ मुलाच्या हिताचाच ठरतो.

क्लबांना हा स्वार्थ का असतो, हे युरोपकडे पाहिले की कळते. तयार खेळाडू विकत घेणे अतिशय महाग पडते, आणि शिवाय नियमही आहेत. युरोपीय फुटबॉल संघटनेच्या स्पर्धांसाठी क्लब जी २५ खेळाडूंची यादी देतो, तिच्यात किमान आठ खेळाडू त्याच देशात घडलेले, आणि त्यांतले किमान चार त्याच क्लबमध्ये घडलेले असावे लागतात. ‘घडलेला’ म्हणजे १५ ते २१ या वयात किमान तीन हंगाम तिथे नोंदवलेला. तेवढे खेळाडू नसतील, तर यादीतल्या त्या जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात. जर्मनीत तर ही सक्ती अपयशातून आली. युरो २००० या युरोपीय देशांच्या स्पर्धेत जर्मन संघ गटात शेवटचा आला, त्यानंतर तिथल्या महासंघाने व्यावसायिक क्लबांना अकादमी चालवणे बंधनकारक केले आणि देशभर साडेतीनशेहून अधिक प्रशिक्षण केंद्रे उघडली. त्या व्यवस्थेत वाढलेल्या मुलांनी २०१४ सालचा विश्वचषक जिंकला. या दोन घटनांमध्ये चौदा वर्षे गेली आहेत, हे मी पालकांना मुद्दाम सांगते, कारण अकादमी समजून घ्यायची तर हा कालावधी आधी मनात पक्का बसायला हवा.

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे वळते. इंग्लंडमध्ये २०१२ साली जी राष्ट्रीय योजना आखली गेली, तिने मुलांच्या वाढीचे तीन टप्पे ठरवले: साधारण अकरा वर्षांखालच्या वयापर्यंत पायाभरणी, १२ ते १६ हा तरुण खेळाडूंच्या विकासाचा काळ, आणि १७ नंतर व्यावसायिक फुटबॉलची तयारी. नावे देशागणिक बदलतात, पण क्रम सगळीकडे जवळपास हाच आढळतो. पहिल्या टप्प्यात मैदान लहान, संघ लहान आणि बॉलही लहान असतो. पाच-पाच जणांचे, मग सात-सात, मग नऊ-नऊ जणांचे सामने होतात, आणि अकरा जणांचा खेळ बारा-तेरा वर्षांनंतरच येतो. आठ वर्षांच्या मुलाला मोठ्या मैदानावर अकरा जणांत उभे केले, तर त्याच्या पायाला बॉल कितीदा लागेल, याचा विचार केला की या लहान सामन्यांचे कारण लक्षात येते. आमच्या तालुका पातळीच्या स्पर्धांत मात्र चौथी-पाचवीची मुले मोठ्यांच्या मैदानावर उतरवली जातात, सगळ्यांत दांडगा मुलगा लांब लाथ मारतो, बाकीचे त्यामागे धावतात, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. हे पाहून मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या दुपारी कुणीच काही शिकलेले नसते.

आम्स्टरडॅमच्या आयाक्स क्लबने मुलांकडे पाहण्याचे चार निकष फार पूर्वी ठरवले: तंत्र, खेळाची समज, व्यक्तिमत्त्व आणि वेग. यातले वेग आणि व्यक्तिमत्त्व मूल बरेचसे जन्मतःच घेऊन येते, तंत्र आणि समज मात्र शिकवता येते, असे त्यामागचे गृहीतक आहे. मला यातली समज सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती कशी शिकवली जाते हे एका छोट्या सरावातून दिसते. बार्सिलोनाच्या अकादमीत ज्याला ‘रोंदो’ म्हणतात तो सराव आमच्या कुणग्यातही सहज होतो. आठ-नऊ पावलांचा एक चौकोन आखायचा, चार मुले कडांवर आणि एक मध्ये. कडेची मुले एकमेकांना पास देत राहतात, मधला बॉल हिसकावण्यासाठी धावतो, आणि ज्याची चूक होईल तो मध्ये जातो. पहिल्या दिवशी प्रत्येक मूल बॉल पायाशी आल्यानंतर मान वर करते आणि तोवर मधला मुलगा त्याच्या अंगावर आलेला असतो. मी बाजूने ओरडत राहते, “आदी बघ, मगे बॉल घे!” तीन-चार आठवड्यांनी एक लहानसा बदल दिसू लागतो: बॉल वाटेत असतानाच मुलाची मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळते, शरीर थोडे तिरके होते, आणि बॉल पुढच्या पायावर नव्हे तर मागच्या पायावर घेतला जातो, त्यामुळे पुढचा पास आपोआप मोकळ्या बाजूला जातो. शावी आणि इनिएस्ता हे बार्सिलोनाच्या अकादमीतले मिडफिल्डर नेमके याच गोष्टीसाठी ओळखले जात. २०१० सालच्या बॅलन डी'ओर या जगातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठी अखेरच्या तिघांत मेस्सी, इनिएस्ता आणि शावी होते, आणि तिघेही त्याच एका अकादमीत वाढलेले होते.

त्या अकादमीचे नाव ‘ला मासिया’, म्हणजे कॅटलान भाषेत शेतावरचे घर. १७०२ साली बांधलेले ते घर १९७९मध्ये दूरच्या गावांतून आलेल्या मुलांच्या निवासासाठी वापरात आले, आणि २०११मध्ये मुलांना नव्या इमारतीत हलवण्यात आले. यात एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. तिथे शिकणारी सगळीच मुले वसतिगृहात राहत नाहीत. शहरातली आणि आसपासची मुले संध्याकाळी सराव करून आपापल्या घरी जातात, आणि ज्यांना रोज ये-जा करणे अशक्य आहे त्यांच्यासाठीच निवास असतो. आपल्याकडे मात्र ‘निवासी’ हा शब्द दर्जाची खूण मानला जातो. आपण भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपे, काढतो तो साधारण तीन आठवड्यांनी. फार कोवळा असताना उपटला तर तो चिखलात तग धरत नाही, आणि फार जून झाला तर त्याला फुटवे येत नाहीत. नऊ-दहा वर्षांचे मूल घरापासून तोडून वसतिगृहात ठेवताना शेतकरी कुटुंबांनी तरी हा विचार करावा, असे मला वाटते. माझ्या अनुभवात, ज्याला घराजवळ चांगला शिक्षक मिळतो त्याने बारा-तेरा वर्षांपर्यंत घरीच राहावे.

आता अशा विषयाकडे येते, ज्याबद्दल पालकांना सर्वांत कमी सांगितले जाते आणि ज्यावर मुलांचे नशीब सर्वांत जास्त अवलंबून असते. तो विषय म्हणजे वाढ. वयोगट ठरवताना एक तारीख धरली जाते, समजा १ जानेवारी. मग जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात, आणि दहाव्या वर्षी या दोघांतले अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे आयुष्याचा जवळजवळ दहावा भाग असतो. मोठा मुलगा उंच, बळकट आणि धीट दिसतो, त्यामुळे तो निवडला जातो, निवडल्यामुळे त्याला चांगला कोच आणि अधिक सामने मिळतात, आणि काही वर्षांनी तो खरोखरच चांगला खेळू लागतो. १९८०च्या दशकात कॅनडातल्या आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासताना वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची संख्या विलक्षण जास्त आढळली, आणि पुढे फुटबॉलसह अनेक खेळांत हेच दिसून आले. निवडणाऱ्यांना वाटते की आपण गुण हेरला. बऱ्याचदा त्यांनी जन्माचा महिना हेरलेला असतो.

त्यात जन्मतारखेपेक्षाही मोठा फरक शरीराच्या पक्वतेचा असतो. एकाच दिवशी जन्मलेल्या तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात तीन-चार वर्षांचे अंतर असू शकते. एकाला मिसरूड फुटलेली असते, दुसऱ्याचा आवाजही बदललेला नसतो. मुलांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत, आणि मुलींमध्ये हा काळ सुमारे दोन वर्षे आधी येतो. या काळात पाय आधी लांबतात आणि धड मागून येते, त्यामुळे काल सहज ड्रिबल करणारा मुलगा आज स्वतःच्याच पायात अडखळतो. गुडघ्याखाली, जिथे मांडीच्या स्नायूची शीर हाडाला चिकटते, तिथे किंवा टाचेत दुखू लागते, कारण हाडाचा वाढता भाग मऊ असतो आणि स्नायूंची ओढ त्यावर येते. असे झाले की मुलाला आळशी ठरवायचे नसते आणि गोळ्या देऊन पळवायचेही नसते. उड्या आणि वेगाने धावणे काही आठवडे कमी करायचे असते. चांगल्या अकादमीत म्हणूनच दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाची उभ्याने उंची, बसून उंची आणि वजन मोजले जाते. मुलाची उंची, वजन आणि आईवडिलांच्या उंचीची सरासरी यांवरून त्याची पुढची उंची किती असेल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधण्याची एक पद्धत आहे, आणि त्या अंदाजाच्या किती टक्के उंची आज गाठली गेली आहे त्यावरून मुलांचे तात्पुरते गट पाडून सामने खेळवले जातात. इंग्लंडच्या अकादम्यांत असे सामने होतात. तिथे लवकर वाढलेल्या मुलाला पहिल्यांदाच आपल्या ताकदीच्या मुलांशी झुंजावे लागते आणि केवळ धक्का देऊन पुढे जाता येत नाही, तर उशिरा वाढणाऱ्याला पहिल्यांदाच पुढाकार घेता येतो. बेल्जियमच्या महासंघाने तर उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय पातळीवर वेगळा संघच ठेवला आहे.

इंग्लंडच्या हॅरी केन या खेळाडूची गोष्ट मी मुलांना याचसाठी सांगते. इंग्लंडमध्ये वयोगटाची तारीख १ सप्टेंबर आहे आणि केनचा जन्म २८ जुलै १९९३चा, म्हणजे तो आपल्या गटातल्या सर्वांत लहान मुलांपैकी एक होता. आठ-नऊ वर्षांचा असताना आर्सेनलच्या अकादमीने त्याला सोडून दिले. अकराव्या वर्षी तो टॉटनहॅममध्ये गेला. सतराव्या वर्षापासून त्याला लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच आणि लेस्टर अशा चार क्लबांत लोनवर, म्हणजे अनुभवासाठी तात्पुरते, पाठवण्यात आले, आणि मुख्य संघात तो पक्का झाला तो २०१४-१५च्या हंगामात, एकविसाव्या वर्षी. पुढे तो टॉटनहॅमचा आणि इंग्लंडचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. पुढे इंग्लंडकडून खेळलेल्या जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडे क्लबने सोळाव्या वर्षी सोडले होते, आणि पुढे फ्रान्सकडून खेळलेल्या आंत्वान ग्रीझमानला त्याच्या लहान चणीमुळे फ्रेंच क्लबांनी नाकारल्यावर तो स्पेनमध्ये रियाल सोसिएदादकडे जाऊन घडला. या तिघांना नाकारणारे लोक अडाणी नव्हते. ते जगातल्या उत्तम अकादम्यांतले जाणकार होते, आणि तरीही बारा वर्षांच्या मुलाकडे पाहून तो बाविसाव्या वर्षी काय होईल हे त्यांना सांगता आले नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या एका मुलाला घेऊन मी एका निवड चाचणीला गेले होते. दोनशेच्या आसपास मुले, प्रत्येक गटाला दहा-बारा मिनिटांचा एक सामना, आणि कडेला दोन निवडकर्ते. आमचा मुलगा लहानखुरा, पण बॉल येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे पाहणारा. त्या दहा मिनिटांत त्याच्याकडे बॉल तीन वेळा आला, तिन्ही वेळा त्याने तो एका स्पर्शात बरोबर माणसाकडे दिला, आणि तो नापास झाला. निवडले गेले ते दोघे गटातले सर्वांत उंच होते. त्याची आई बसमध्ये म्हणाली, “बाई, बारको हा म्हणान घेवक नाय मा?” माझ्याकडे उत्तर नव्हते. कारण तेच होते. एका दुपारी घेतलेल्या चाचणीवर निर्णय देणारी संस्था आणि मुलाला काही आठवडे सरावात पाहून मग ठरवणारी संस्था यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि माझ्या मते अकादमीचा दर्जा ओळखण्याची हीच सर्वांत खात्रीची खूण आहे.

वाढीचा हा मुद्दा खोट्या जन्मतारखेशीही जोडलेला आहे, आणि त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. वय दोन वर्षांनी कमी दाखवलेला मुलगा लहान गटात सहज चमकतो, पण त्यामुळे एका खऱ्या वयाच्या मुलाची जागा जाते, आणि त्या मुलाला स्वतःलाही आपल्या ताकदीच्या मुलांविरुद्ध खेळायची सवय कधी लागत नाही. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय ठरवण्याची पद्धत भारतात वापरली जाते, आणि फिफाने २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकात मनगटाचा एमआरआय सुरू केला. पकडले गेल्यास बंदी येते. आमच्या भागात हे ‘ॲडजस्ट’ करून देऊ म्हणणारे भेटतात. त्यांना दारातूनच परत पाठवावे.

सोळा ते एकवीस या वयात काय होते ते थोडक्यात सांगते, कारण तिथवर पोहोचणारी मुले फार थोडी असतात. या टप्प्यात क्लब काहींना शिष्यवृत्ती किंवा पहिला व्यावसायिक करार देतो, काहींना राखीव संघात ठेवतो, काहींना लोनवर पाठवतो, आणि बहुतेकांना सोडून देतो. अकादमीत दाखल झालेल्या मुलांपैकी बहुसंख्य कधीच मुख्य संघात खेळत नाहीत, हे इंग्लंड, स्पेन, भारत सगळीकडे सारखेच खरे आहे. म्हणूनच अकादमीतल्या मुलाचे शाळेचे शिक्षण ही दुय्यम बाब असू शकत नाही. सोडून दिलेला सोळा वर्षांचा मुलगा दहावीत किती गुण घेऊन घरी परततो, यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते. चांगल्या अकादमीत शिकवणी, अभ्यासाच्या ठरलेल्या वेळा आणि सोडल्यानंतर दुसरा क्लब शोधायला मदत हे सारे असते. जिथे मुलाला ‘बाहेरून परीक्षा देईल’ असे सांगून शाळेतून काढायला लावतात, तिथे पालकांनी थांबून विचार करावा.

पैशांचा हिशेब मात्र जरा सविस्तर मांडावा लागेल, कारण त्याचा संबंध आमच्या कुणग्यापर्यंत पोहोचतो. २००१ पासून फिफाच्या नियमांत लहान क्लबांसाठी दोन तरतुदी आहेत. पहिली प्रशिक्षण भरपाईची. दुसऱ्या देशातला क्लब खेळाडूला पहिल्यांदा व्यावसायिक म्हणून नोंदवतो, तेव्हा त्याने त्याला आधी घडवणाऱ्या क्लबांना ठरावीक रक्कम द्यायची असते. दुसरी तरतूद एकजुटीच्या वाट्याची: आंतरराष्ट्रीय बदलीत एखाद्या खेळाडूसाठी जी किंमत मोजली जाते तिच्यातले पाच टक्के, तो १२ ते २३ या वयात ज्या ज्या क्लबांत नोंदवलेला होता त्यांच्यात वाटले जातात. १२ ते १५ या प्रत्येक वर्षासाठी त्या रकमेचा पाच टक्के हिस्सा आणि १६ ते २३ या प्रत्येक वर्षासाठी दहा टक्के. उदाहरणादाखल, कुणी खेळाडू दहा कोटी रुपयांना विकला गेला असे धरू. वाटायची रक्कम होते पन्नास लाख. बाराव्या ते पंधराव्या वर्षापर्यंतची चार वर्षे तो सिंधुदुर्गातल्या एखाद्या छोट्या क्लबकडे नोंदवलेला असेल, तर वर्षाला अडीच लाख याप्रमाणे त्या क्लबला दहा लाख रुपये मिळायला हवेत. दहा लाखांत इथल्या क्लबचे मैदान सपाट होईल, निचऱ्याचे चर खणले जातील आणि कोचचा काही वर्षांचा पगार निघेल. २०२२ पासून हे पैसे वळते करण्यासाठी फिफाने स्वतंत्र यंत्रणाही उभी केली आहे. पण यासाठी एक अट आहे: मूल क्लबकडे महासंघाच्या रीतसर नोंदीत असायला हवे. वहीत लिहिलेली नावे चालत नाहीत.

महाराष्ट्रात ही नोंद वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत अखिल भारतीय महासंघाच्या केंद्रीय प्रणालीत होते. भारतीय महासंघ अकादम्यांना तपासणी करून तारांकित मानांकन देतो, वेगवेगळ्या वयोगटांच्या राष्ट्रीय युवा लीग भरवतो, आणि २०१८मध्ये त्याने अगदी लहान मुलामुलींसाठी बेबी लीगची योजना सुरू केली, जिच्यात कोणतीही शाळा किंवा गट स्थानिक पातळीवर लीग भरवू शकत होता. ‘आमची अकादमी मान्यताप्राप्त आहे’ असे कुणी म्हणाले, तर कोणत्या वर्षाचे मानांकन, किती तारे आणि मुलाची नोंद कोणत्या क्लबच्या नावावर होणार, हे तीन प्रश्न विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. कोचकडे डी, सी, बी, ए यांपैकी कोणते लायसन्स आहे, हेही विचारावे. आणि चौदा वर्षांच्या मुलाची स्पेनमधल्या क्लबात निवड झाली असून अमुक हजार रुपये भरा, असा संदेश आला, तर फिफाचा एक नियम लक्षात ठेवावा: काही मोजके अपवाद सोडले तर अठरा वर्षांखालील खेळाडूची परदेशी क्लबात नोंद करता येत नाही. याच नियमाच्या उल्लंघनासाठी २०१४ साली खुद्द बार्सिलोनावर खेळाडू घेण्याची बंदी आली होती. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने असा संदेश खरा मानून काजूच्या हंगामाचे सगळे पैसे भरले, आणि विमानतळावर कुणी भेटलेच नाही.

मुलींचा उल्लेख राहून जाऊ नये. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक नवी मुंबई, गोवा आणि भुवनेश्वर येथे झाला, त्यानंतर आमच्या मैदानावर मुलींची संख्या वाढली. त्यांना गुडघ्यातल्या अस्थिबंधाची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, म्हणून फिफाने तयार केलेला वीस मिनिटांचा सरावपूर्व व्यायाम मी प्रत्येक वेळी करून घेते. नियमित केल्यास दुखापती लक्षणीय घटतात, आणि त्याला एका पैशाचाही खर्च नाही.

कोकणात ही सगळी व्यवस्था उभी राहू शकते का, या प्रश्नावर लोक लगेच पावसाकडे बोट दाखवतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, चार महिने मैदान पाण्याखाली, आणि वर सड्यावर गेले तर कातळ, जिथे पडलेल्या मुलाची गुडघ्याची कातडी सोलून निघते. अडचण खरी आहे. पण आइसलँड या देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आत, म्हणजे २०११च्या जनगणनेतल्या आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. तिथे वर्षातले कितीतरी महिने बर्फ, वारा आणि अंधार असतो. त्यांनी छताखालची मैदाने बांधली आणि लहान मुलांच्या गटांनाही परवानाधारक कोच दिले. २०१६च्या युरोत त्यांनी इंग्लंडला २-१ असे हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि २०१८मध्ये विश्वचषकाला पात्र ठरले. तेवढी मैदाने आपल्याला परवडणार नाहीत, पण शाळेच्या सभागृहात किंवा मासळी बाजाराच्या रिकाम्या शेडमध्ये आठ पावलांचा चौकोन मावतो, आणि रोंदोला तेवढीच जागा लागते. जून ते सप्टेंबर आम्ही तेच करतो. कोचच्या लायसन्सचा प्रश्न त्याहून कठीण आहे, कारण जिल्ह्याबाहेर जाऊन राहणे आणि रजा मिळणे या दोन्ही गोष्टी शिक्षकांना जड जातात.

ज्या मुलाला त्या चाचणीत नाकारले गेले, तो यंदा पंधरा वर्षांचा आहे. शाळेच्या पडवीतल्या खांबावर आम्ही दर तीन महिन्यांनी मुलांच्या उंचीच्या रेघा ओढतो. गेल्या गणेशचतुर्थीपासून आतापर्यंत त्याच्या दोन रेघांमध्ये माझी आडवी चार बोटे बसतात. गुडघा दुखतो म्हणून त्याच्या उड्या सध्या बंद आहेत, तो बाकीच्या मुलांबरोबर चौकोनात उभा राहून पास देतो, आणि बॉल वाटेत असताना अजूनही दोन्ही खांद्यांवरून मागे पाहतो. त्याच्या नोंदणीचा अर्ज, जन्मदाखला आणि आधार कार्डाची प्रत माझ्या टेबलावर आहे. या आठवड्यात ते कागद जिल्ह्याला पाठवायचे आहेत.